दाखवायला नेलेली नात

माझा लेक कुठंही गेला तरी बाजारातच उभा असतो. दवाखान्यात गेला तर कंपाउंडरशी घासाघीस करतो, सोयरे घरी आले तर बोलता बोलता त्यांच्या पाठीवरून असा हात फिरवतो की मलाच लाज वाटते. गुरांचा व्यापारी आहे. नेकीचा आहे असं कुणी म्हणालं तर मी तोंडावर हसेन. लाथ मारणारी गाय असली की बाजारच्या दिवशी तो तिला पहाटेच नांगरलेल्या रानात नेतो आणि ढेकळं तुडवत उभं-आडवं फिरवतो. तिचे पाय इतके जड होतात, की गिऱ्हाइकानं कासेला हात घातला तरी डोळे मिटून उभी राहते. वर हा म्हणणार, "गरीब आहे हो, पोराच्या हाती दोरी द्या."

गाईंचं तो बघतो, मी त्यात पडत नाही. पण त्यानं जे माझ्या नातीचं केलं, ते मी बोलल्याशिवाय राहणार नाही.

नातीला गावानं भिंगरी नाव पाडलंय. सातवं सरलं तरी अंगणात जागच्या जागी गरगर फिरते, धरली तर किंचाळते. हाक मारून घसा बसला तरी वळून बघणार नाही, पण गोठ्याची कडी वाजली की कान दाबून भुईवर बसते. "पाणी हवं का?" विचारलं तर तीही "पाणी हवं का?" म्हणते आणि तहानलेलीच राहते. नवं कापड अंगाला लागू देत नाही. काही बिनसलं की स्वतःच्या मनगटाला चावते. तिथलं कातडं आता माझ्या टाचेसारखं झालंय.

शाळेतल्या बाईंनी पुष्कळ सोसलं. शेवटी सुनेला बोलावून म्हणाल्या, "ताई, मी एकटी, वर्ग भरलेला. हिच्याजवळ बसायला सरकारी मदतनीस मिळते. पण मोठ्या दवाखान्यातल्या मंडळींनी बघून तसं लिहून दिलं पाहिजे. नाही मिळालं, तर हिला फार दिवस वर्गात बसवणं माझ्या हातात नाही."

नंबर लागायलाच वर्ष गेलं. सून त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. लेक मात्र दिवस जवळ येईल तसा घुमा झाला. एकदा गोठ्यात मला म्हणाला, "आई, जनावराला एकदा खोडीचं म्हणून नाव पडलं, की ते कुठल्याच बाजारात चालत नाही. हिचं लिहून घेतलं तर जन्माचं चिकटेल."

"जनावर नाही रे ती."

"मला कळतं. लोकांना कळतं का?"

 

ठरल्या दिवशी मी उठले तर पोरगी अंथरुणात नाही. बाहेर आले. नुकतं उजाडत होतं. पलीकडच्या नांगरलेल्या रानातून दोघं येताना दिसली. तो पुढं, तिचा हात धरून, आणि ती मागं फरफटत. गुडघ्यापर्यंत माती. मान छातीवर पडलेली.

"कुठं नेलं होतंस तिला?"

"जरा पाय मोकळे करायला," माझ्याकडे न बघता म्हणाला.

 मी सुनेला सांगायला आत वळले, तोवर तिनं पोरीला न्हाणीत नेलं होतं. थोड्या वेळानं हसत बाहेर आली. किती दिवसांनी हसली असेल! "आई, बघा ना, आज नवा फ्रॉक घालू दिला हिनं! शहाणी झालीय माझी बाई."

आता तिला काय सांगू? बाहेर लेक टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. रस्ताभर पोरगी आईच्या मांडीवर मेल्यासारखी झोपली.

दवाखान्यातली खोली स्वच्छ होती. खाली चटई, ठोकळे, बाहुली, बुटकं टेबल. चार बायका बसलेल्या. एक डॉक्टरीण, एक बोलणं बघणारी, एक हातापायांचं आणि खेळाचं बघणारी, एक मनाचं बघणारी. डॉक्टरीण बोलायला मऊ होती. म्हणाली, "आम्ही चौघी एकत्रच बघतो, म्हणजे तुम्हाला चार दारं हिंडायला नको. शाळा काय सांगते, घर काय सांगतं आणि आम्हाला काय दिसतं, हे जुळवून बघायचं. घाबरू नका, ही परीक्षा नाही."

हे ऐकून मला जरा धीर आला. बाया कामाच्या वाटल्या.

पोरीला चटईवर बसवली. लेक तिच्या मागं उभा राहिला, बरोब्बर जसा गाईमागं राहतो तसा.

बोलणं बघणारीनं नावानं हाक मारली. लेकानं हळूच पोरीच्या मानेला अंगठा लावला. पोरीनं मान वर केली.

"छान!" बाई म्हणाली.

बाजारात तो असाच शेपटीच्या मुळाशी अंगठा दाबतो, की जनावर ताठ होतं. मी ओळखलं. खेळाचं बघणारीही काही कमी नव्हती. म्हणाली, "दादा, तुम्ही जरा तिकडे खुर्चीवर बसा." मग तिनं हाक मारली. पोरगी ठोकळ्याकडे बघत राहिली. पुन्हा मारली. पोरीच्या पापण्या मिटल्या.

"दमलीय हो ती," लेक लगेच म्हणाला, "लांबून आलोय."

"एरवी घरी कशी असते?"

"एकदम गरीब. खाण्यापिण्याची तक्रार नाही, आदळआपट नाही, कुणाला त्रास नाही."

चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मनाचं बघणारीनं समोरचा कागद उचलला. "शाळेनं तर लिहिलंय की वर्गात किंचाळते, स्वतःला चावते, जागेवर बसत नाही."

"बाईंना पोरं सांभाळायचा कंटाळा असतो," लेक म्हणाला आणि हसला.

मग मात्र मला राहवेना. "खोटं बोलतोय तो! शाळेनं लिहिलंय त्यात एक अक्षर जास्तीचं नाही. आज पहाटे ढेकळांतून फिरवून फिरवून थकवून आणलंय हिला. मनगट बघा तिचं!"

लेकाला राग यायला हवा होता. तो रागावला असता तर बायांना कळलं असतं. तो तसाच हसत म्हणाला, "आमची आई. तिला देवातसुद्धा खोट दिसते. म्हातारपणी वाढवून सांगायची सवय लागलीय, मनावर घेऊ नका. मनगटाचं म्हणाल तर लहानपणापासून अंगठ्याऐवजी तेच चोखते."

चार बायांसमोर! माझ्या पोटच्या गोळ्यानं! मी उठून उभी राहिले, पण तशी उभी राहिल्यावर मीच भांडखोर म्हातारी दिसत होते.

डॉक्टरीण सुनेकडे वळली. "तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. त्याची नजर मी बघितली. धमकीची नव्हती ती. धमकीची असती तर माझी सून बोलली असती, तेवढी ती खमकी आहे. तो विनवत होता. सुनेनं पोरीच्या फ्रॉकची बाही नीट केली आणि खाली बघून म्हणाली, "हे म्हणतात तसंच."

तिथंच सगळं संपलं.

चौघी बाजूला जाऊन हळू आवाजात बोलल्या. परत येऊन डॉक्टरीण म्हणाली, "पोरीला आज फार थकवा आहे, तिचं काहीच धरता येत नाही. शाळा एक सांगते, घरातली माणसं दोन सांगतात. यावर आम्हाला काही लिहिता येणार नाही. पुन्हा बघावं लागेल."

"पुन्हा म्हणजे उद्या?" मी विचारलं.

"नंबर पुन्हा लावावा लागेल, आजी. वर्ष तरी जाईल."

मी कुणापुढं वाकत नाही. नवरा गेला तेव्हा दिरांपुढं वाकले नाही. त्या बाईपुढं मी हात जोडले. "घरी या माझ्या. गोठ्याची कडी वाजवून दाखवते. तेवढं एकदा बघा."

तिनं माझे हात खाली घेतले. "मला तुमचं पटतंय. पण एकटीच्या पटण्यावर मदतनीस मिळत नाही. आमच्यापैकी प्रत्येकीला ते दिसावं लागतं. आज नाही दिसलं." खरंच बोलत होती. तिच्यावर रागावताही येईना.

परतीच्या वाटेवरही पोरगी झोपूनच होती. दारात टेम्पो थांबला, लेकानं मागचं फळकूट सोडलं, साखळी खणकन वाजली आणि पोरगी जागी झाली. झोप पुरी झाली होती तिची. अशी किंचाळली, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. नवा फ्रॉक गळ्यापासून टराटरा फाडला, मनगट तोंडात घातलं. सुनेनं तिला मिठीत धरून मातीतच बसकण मारली आणि तिच्यासोबत स्वतःही झुलत राहिली. आवाज न करता रडत होती.

शाळेतल्या बाई रस्त्यानं घरी चालल्या होत्या. फाटकापाशी थांबल्या. "झालं का काम?" सुनेनं मानेनंच नाही म्हटलं. बाईंनी फाटलेल्या फ्रॉककडे बघितलं आणि त्या वाटेला लागल्या.

लेक माझ्याजवळ आला. तोंड उतरलेलं, पण त्यातही कुठंतरी बाजार जिंकल्याचा भाव होता. म्हणाला, "काही म्हण आई, चार शिकलेल्या बायकांनी बघितलं आणि एकीलाही तिच्यात खोट काढता आली नाही."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला पोरीकडे तोंड करून उभा केला. सुनेला ऐकू जाईल असं, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे असं म्हणाले, "त्या घ्यायला बसल्या नव्हत्या रे, द्यायला बसल्या होत्या. आणि तू माझी नात त्यांच्यापुढं अशी उभी केलीस, की हिला काही हवंय हे त्यांना दिसलंच नाही."