पट्टा आवळून विचारलेला प्रश्न

अवयवदानाचं विचारलं की पेशंटला एकदम घरची कामं आठवतात. म्हणून मी युक्ती काढली. ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला आवळायचा आणि मगच विचारायचं. पट्टा घेऊन पळणार कुठे? या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. तीस वर्षं फॅमिली डॉक्टर आहे मी, एवढी तरी अक्कल असणारच की!

परवा समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाई भिंत धरत आल्या.

"उठलं की गरगरतं. मागच्या महिन्यात तुम्ही गोळी वाढवलीत, तेव्हापासून."

मी केसपेपर काढला. प्रेशर एकशे सत्तर, आणि शेजारी माझ्याच अक्षरात, 'अवयवदानाचे विचारले.' झालं! कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी राहिला.

"अहो, दंड आवळून मरणाचं विचारल्यावर दुसरं काय होणार?" बाई म्हणाल्या. "बरं, विचारलंत, पण उत्तराला थांबलात कुठे? आकडा बघितलात, गोळी लिहिलीत, पुढचा पेशंट! माझा धाकटा भाऊ चार वर्षं किडनीसाठी रांगेत आहे. कुठल्यातरी डॉक्टरनं कुणाला तरी धड विचारावं, एवढ्यावर त्याचा जीव टांगलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचा स्वतःचा अवयवदानाचा फॉर्म दाखवा बघू," बाई म्हणाल्या.

तो ड्रॉवरमध्ये होता. कोरा. माणूस गेल्यावर शेवटी संमती घरच्यांनाच विचारतात, तेव्हा आधी घरी बोला, असं मी सगळ्यांना बजावतो. स्वतःच्या घरी मात्र माझी दातखिळी बसते. बाईंनी माप घ्यायच्या सराईत हातांनी मलाच पट्टा बांधला आणि मशीनचं बटण दाबलं. "लावा फोन."

मी स्पीकरवर बायकोला एका दमात सांगितलं, "अगं, माझ्यानंतर माझं जे उपयोगी पडेल ते देऊन टाक."

"बरं. माझंही द्या. माझा फॉर्म दोन वर्षांपूर्वीच भरलाय. साक्षीदार तुम्हीच आहात. जेवताना पुढे केला, तर न वाचता सही ठोकलीत. कधीतरी विचाराल म्हणून वाट बघत होते."

बाईंनी मशीनकडे पाहिलं. "एकशे ऐंशी. वाढवू का गोळी?"

मी पट्टा काढला, त्यांची जुनी गोळी लिहून दिली, खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा विचारलं. बाहेर पेशंट खोकून खोकून आठवण करून देत होते. मी थांबलो.

"भावाला माझी किडनी जुळली नाही हो," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी जुळेल. आणा तो फॉर्म. पण मी आधी वाचणार."