बाबांच्या कोटावर सेनापती

सँ-झाक रस्त्यावरच्या चित्रांच्या दुकानांत डोकी उडवायला जल्लाद लागत नसे. एखादा मंत्री पदावरून गेला, की तांब्याच्या पत्र्यावरचा त्याचा चेहरा खरवडायचा, पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि त्याच कोटावर नव्या मंत्र्याचं डोकं कोरायचं. गिऱ्हाईक चेहऱ्याचे पैसे देतं, बटणं कोण बघतंय?

पेरीन लोरिओनं अशी कितीतरी डोकी बसवली होती. पत्र्यावरून कागदावर काढलेल्या छापाखाली नाव मात्र दुकानाच्या मालकाचं, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचं, एल्वाचं. तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक असून काय उपयोग?

एकच पत्रा तिनं स्वतःसाठी ठेवला होता. त्यावर तिनं वारलेल्या बाबांना आठवणीतून उतरवलं होतं. अंगात कामाचा कोट, हातात कोरणी, कोरणीच्या पाठीवर लांब टेकवलेलं बोट, आणि लहानपणी मोडून वाकडा जुळलेला अंगठा. बाबांनी जन्मभर बड्या लोकांचे चेहरे कोरले, त्यांचा चेहरा कुणी कोरला नव्हता. बाकीचे कारागीर काम अर्धवट असताना छाप काढून बघतात. डोळे मनासारखे उतरेपर्यंत बाबा कागद लावत नसत, आणि त्यांचा तो तोरा पेरीननं जसाच्या तसा उचलला होता.

रविवारी ती चर्चमधून परतली तेव्हा पत्रा टेबलावर होता. बाबांच्या कॉलरच्या वर नुसतं चकचकीत तांबं. तिनं पत्रा उलटा केला. मागे हातोडीचे ताजे घाव होते.

"दादा, हे काय केलंस?"

"सेनापती द कॅरूवेल लढाई जिंकलेत. समोरचा दुकानदार दोन दिवसांत त्यांचा छाप लटकवेल. या मापाचा दुसरा पत्रा होता का आपल्याकडे?"

"मला विचारायचंस तरी. एक छाप काढून घेतला असता."

"मग इतके दिवस काय करत होतीस?"

पेरीन डोळे मनासारखे उतरायची वाट बघत बसली होती, आणि तेच तिला आता जास्त झोंबलं.

एल्वा जरा नरमला. "बाबा काही परत यायचे नाहीत, पेरीन. डोकं तू बसव. या वेळी खाली तुझं नाव घालतो. शपथ."

तो पत्रा तिनं त्याच्या अंगावर भिरकावायला हवा होता. ती कोरणीला धार लावायला बसली.

डोकं झकास उतरलं. हात नव्यानं कोरायला वेळ नव्हता, म्हणून कोरणीच लांबवून तिची सेनापतीची काठी केली. छाप धडाधड खपला. गिऱ्हाइकं खालचं नाव मोठ्यानं वाचत आणि पेरीन ऐकून न ऐकल्यासारखं करत आत उभी राही. तिला बरं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

गुडघ्यांमुळे आई वरच्या खोलीतून उतरत नसे. पेरीन एक छाप घेऊन वर गेली. आईनं तो खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला, मग सेनापतीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"सेनापती काठी अशी धरतो होय गं?"

आईनं काठीवरच्या वाकड्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हा अंगठा मी जन्मभर हातात धरलाय. यांचा चेहरा कुठाय?"

"दादानं खरवडला."

"आणि हे डोकं?"

"मी बसवलं."

"खाली काय लिहिलंय?"

"माझं नाव."

आईनं शिवणाच्या पेटीतून कात्री काढली. कॉलरच्या रेषेवरून डोकं कापलं, मग खालची नावाची पट्टी कापली. उरलेला कोट आणि हात तिनं उशीजवळच्या भिंतीला टाचून ठेवले.

"हे तुझं तू घेऊन जा," ती म्हणाली.

पेरीन जिना उतरली. एका हातात सेनापतीचं डोकं होतं, दुसऱ्या हातात तिचं नाव, आणि खाली एल्वा हाक मारत होता की छाप संपत आलेत, पुढच्या छपाईला कागद भिजवायला घे.