नवऱ्याचं काम

अवंतीनं मंडळाच्या सभेत तोंड उघडलं आणि तिथून सगळं सुरू झालं. लग्न होऊन कराडहून बडोद्याला येऊन तिला अजून वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेनं सभेत चहाचे कप फिरवावेत, फार तर आरतीला टाळ्या वाजवाव्यात, एवढीच मंडळाची अपेक्षा. पण डेकोरेटरकडून दरवर्षी भाड्यानं येणारं तेच चकचकीत मखर यंदाच्या गणपतीलाही आणायचं ठरतंय म्हटल्यावर ती उभी राहिली. म्हणाली, "मी लाकडाचं करते. घडीचं. वर्षानुवर्षं वापरा."

अध्यक्ष पिलाजीराव हसले. माणूस वाईट नव्हता, पण आजोबांची सरदारकी गेल्याची बातमी त्यांच्या मिशांपर्यंत अजून पोचली नव्हती.

"सूनबाई, तुम्ही मोदकांचं बघा. मखराचं आम्ही बघतो."

"मोदकही करीन आणि मखरही करीन."

सभेत खसखस पिकली. सासरे जनार्दनराव आपल्या चपलांकडे बघत बसले. शेवटी पिलाजीरावांनी मोठ्या मनानं शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर काम खरंच सुरू झालं तर ठीक, नाहीतर डेकोरेटरला होकार.

अवंती काही हवेत गोळ्या झाडत नव्हती. कराडला ती एका फर्निचरवाल्याकडे नकाशे काढायची, आणि काढता काढता तिथली यंत्रंही चालवायला शिकली होती. बडोद्याच्या अकोटा भागातल्या फ्लॅटमध्ये गॅलरीत तिनं सागाच्या फळ्या कापून रचल्याही होत्या. घोडं अडलं होतं खाचांपाशी. मखर घडीचं करायचं तर फळीत फळी बसायला सरळ, एकसारख्या खोलीच्या खाचा हव्यात. छिन्नीनं पाडत बसली असती तर गणपती पुढच्या वर्षीच बसला असता. त्याला राउटर हवा. गरगर फिरणारं पातं लाकडात उतरवून खाच कोरणारं यंत्र, आणि तेही तिच्या स्वतःच्या शिलकीत बसणारं.

"राउटर?" निहार, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला. "आपला चालतोय की. नेट स्लो झालंय का?"

समजावून सांगितल्यावर त्यानं नंदेसरीच्या कारखान्यातली आपली शिफ्ट पुढे केली. "बाबांना घेऊन जा. त्यांना गुजराती येतं, भाव करता येतो."

म्हणून मुदतीच्या शनिवारी सासरा आणि सून रिक्षानं रावपुऱ्याच्या बाजारात उतरले. वाटेत जनार्दनराव दोनदा म्हणाले, "बघ हं, अजूनही नाही म्हणता येईल. कोणी काही मनावर घेणार नाही." अवंतीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत सागाचा एक तुकडा होता आणि कराडच्या मैत्रिणीनं दिलेली पाती.

हत्यारांच्या दुकानात रसिकभाई गल्ल्यावर होते. "बोलो काका," ते म्हणाले. अवंतीकडे त्यांनी बघितलंही नाही.

"राउटर जोईए छे. सस्तामां."

"कोना माटे? मिस्त्री माटे?"

"ना रे, आ वहु माटे." जनार्दनरावांनी सुनेकडे बोट केलं.

आता रसिकभाईंनी बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि हसून जनार्दनरावांना म्हणाले, "काका, आ तो नवरानुं काम छे."

"साची वात," जनार्दनरावांनी मान डोलावली.

अवंतीचं गुजराती भाजीबाजारापलीकडे गेलेलं नव्हतं. पण 'नवरा' हा शब्द तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवऱ्याचं काम? का म्हणून? माझ्या नवऱ्याला साधा खिळा ठोकता येत नाही! परवा कॅलेंडर लावायला गेला, तर भिंतीचा पोपडा खाली आणि बोटाला पट्टी. त्याच्या हाती हे मशीन द्यायचं, तर आधी दवाखान्यात खाट सांगून ठेवावी लागेल!"

रसिकभाई भांबावले. "पण बेन, में तमारा मिस्टरनुं नाम क्यां लीधुं?"

जनार्दनरावांना हसू आवरेना. "अगं, गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा! तो म्हणतोय, हे रिकाम्या माणसाचं काम."

सून शांत होईल असं त्यांना वाटलं होतं. बिचारे.

नवऱ्याचं काम म्हटलं असतं, तर अवंतीला निदान भांडता आलं असतं. हे मात्र तिला लागलं. लग्नासाठी नोकरी सोडून आल्यापासून हाच शब्द वेगवेगळे कपडे घालून तिच्यामागे फिरत होता. 'घरीच असतेस ना दिवसभर?' 'वेळ जात नसेल, नाही?' 'काहीतरी नाद हवाच माणसाला.' फळ्या तिनं कापल्या, घट्टे तिच्या हातांना पडले, आणि तरी ती रिकामीच.

"आणि त्यावर तुम्ही 'साची वात' म्हणालात, बाबा?"

जनार्दनरावांचं हसू जागच्या जागी विरलं.

अवंती रसिकभाईंकडे वळली. "हो, हुं नवरी छुं. मराठीतही आणि गुजरातीतही. आता मशीन दाखवा."

रसिकभाईंनी आधी एक मोठं धूड काढलं. दोन हातांनी धरायचं, दारं-चौकटी करणाऱ्यांचं. ते तिनं तसंच परत सरकवलं. मखराच्या फळ्यांना ते झेपलं नसतं आणि तिच्या शिलकीलाही. मग आला एका हातात मावणारा छोटा राउटर, सुतार ज्याला ट्रिमर म्हणतात तो. त्यातला सगळ्यात स्वस्त त्यांनी पुढे केला. तिनं पिशवीतलं पातं काढून त्याच्या पकडीत घातलं. त्याची दांडी आत जाईना.

"ए तो चालशे," रसिकभाई म्हणाले. "बीजुं पातुं आपुं, फ्री." त्यांनी दिलेलं पातं आत गेलं, पण पकड आवळूनही किंचित हललं.

"हे चालशे नाही, उडशे! तुमचं चालशे माझ्या बोटांवर नको."

तिसरा ट्रिमर मधल्या भावाचा होता. तिचं पातं घट्ट बसलं, वेग कमी-जास्त करायचं चाक होतं, बूड काउंटरच्या काचेवर कुठेही डुगडुगलं नाही. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश इथंच मिळतील का, ते तिनं विचारून घेतलं. रसिकभाईंनी डबीतून ब्रश काढून दाखवेपर्यंत तिनं हात पुढेच धरून ठेवला होता.

"हाच. पण आधी चालवून बघणार."

"अहीं? दुकानमां धूळ थशे, बेन!"

"थवा दो ने," जनार्दनराव म्हणाले. इतका वेळ गप्प असलेल्या माणसाचा आवाज जरा मोठाच आला. त्यांनी स्वतःच कोपऱ्यातल्या बाकावरचे खोके उचलून खाली ठेवले.

अवंतीनं सागाचा तुकडा बाकाला क्लॅम्पनं आवळला, ओढणी मागे बांधली, डोळ्यांवर दुकानातलाच चष्मा चढवला. नोकर-गिऱ्हाईकं धरून चार माणसं बघत होती, आणि खाच वाकडी गेली तर रावपुऱ्यापासून अकोट्यापर्यंत तिची गोष्ट जेवणाबरोबर वाढली गेली असती.

तिनं खटका दाबला. दुकान दणाणलं. पिवळा भुसा उडाला, पातं लाकडात उतरलं आणि रेघेवरून सरळ चालायला लागलं. अर्ध्यावर मशीन थांबवून तिनं खाचेत बोट फिरवलं. बूड सपाट, कडा साफ.

तेवढ्यात जनार्दनरावांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असे, त्यामुळे पिलाजीराव सगळ्या दुकानाशीच बोलले. "काय मग, जनार्दनराव? डेकोरेटर समोर बसलाय माझ्या. हो म्हणून टाकतो. सूनबाईंचा हट्ट उतरला असेल एव्हाना. द्या फोन, मीच समजावतो त्यांना."

जनार्दनरावांनी सुनेकडे पाहिलं. अवंतीनं ते सगळं ऐकलं होतं. तिनं पुन्हा खटका दाबला.

जनार्दनरावांनी एका कानात बोट घातलं, फोन तोंडाशी आणला, आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही वळून बघावं एवढ्या आवाजात ओरडले, "घालवा त्याला, पिलाजीराव! सून कामात आहे!"