सोळा बोल्ट

अभिमनने पुढच्या चाकावरचा झेंडूचा हार बाजूला सारला, बोल्टला पाना लावला, आणि तेवढ्यात भिकमचंद शेठनी त्याचं मनगट धरलं.

"आज नाही, अभिमन," ते हळू आवाजात म्हणाले. "वऱ्हाड बघतंय."

वऱ्हाड खरंच बघत होतं. शेवटची पंगत उठली होती आणि चार वाजता शेठच्या मुलीची पाठवणी होती. नवरा-नवरी याच गाडीतून धुळ्याहून शिंदखेड्याला जाणार होते, जावई स्वतः चालवणार होता. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची, छप्पर मागे सारलं की उघडी. खानदेशातल्या मे महिन्यात उघड्या गाडीत बसायला माणूस नुकतं लग्न झालेलाच हवा. शेठनी ती दिवाळीलाच जावयासाठी घेऊन ठेवली होती. तिला रोज पुसत होते, पण चालवायला कोणाला देत नव्हते.

अभिमन जळगावच्या दलिचंद शेठच्या गॅरेजातला मिस्तरी. दलिचंदांकडे या गाड्यांची एजन्सी होती. दोन जिल्हे मिळून तीन गाड्या खपल्या होत्या आणि एवढ्या तरी कशा खपल्या याचं दलिचंदांनाच नवल वाटे. गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. चाकांचे बोल्ट ठिसूळ निघालेत, कुठल्याशा घाटात एका गाडीचं चाक निसटलं, सगळे बोल्ट बदला आणि तोवर गाडी रस्त्यावर आणू देऊ नका. सोबत नवे बोल्ट होते, आणि ठरलेला जोर भरला की टक् वाजणारा एक पाना. जळगावातल्या दोन गाड्या झाल्या. तिसरीसाठी दलिचंदांनी फोन लावला तर भिकमचंदांनी सांगितलं, लग्न उरकू द्या, मग या. दलिचंदांना ते पटलं. अभिमनला पटलं नाही. पिशवीत सोळा बोल्ट घालून त्याने सकाळची एसटी पकडली.

हे सगळं त्याने भिकमचंद शेठना सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पत्र कंपनीचं आहे. पण हे बोल्ट आवळले कोणी? तू. माझ्या डोळ्यांसमोर. मग मला कसली काळजी?"

इथेच सगळं अडलं होतं. गाडी कंपनीतून आवळूनच येई, पण नवीन गाडी घेणारा प्रत्येक जण म्हणे, अभिमनला बोलवा. अभिमन पान्याच्या दांड्यावर चार फुटी लोखंडी पाइप सरकवी आणि त्याच्यावर दोन्ही पायांनी उभा राही. बोल्ट कर्र वाजला की खाली उतरे. तो आवाज ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक चावीला हात लावत नसे. नारळ, पेढे सगळं त्यानंतर. जीपवाले त्यासाठी भुसावळ-पाचोऱ्याहून येत. अभिमनने आवळलेलं चाक चोरालाही काढता येत नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडे. कोणाला आवडणार नाही?

परवा जळगावातल्या त्या दोन गाड्यांपैकी मोतीलालची उघडली, तेव्हा दोन बोल्टांची डोकी तुटून त्याच्या हातात आली. बाकीच्यांवर केसासारख्या चिरा होत्या. पत्राच्या तळाशी एक ओळ होती, ती दलिचंदांच्या मुलीने वाचून दाखवली: प्रमाणाबाहेर आवळलेले बोल्ट आधी तुटतील. अभिमनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वीस वर्षं ज्या आवाजावर तो खूश होत आला, तो लोखंड फाटायला लागल्याचा आवाज होता.

एव्हाना जावयाचे काका, दोन-चार ड्रायव्हर, बॅन्डवाले असे बरेच जण गाडीभोवती जमले होते. शेठनी मनगट सोडलं, पण ते चाकाला पाठ लावून उभे राहिले. जावयाला दिलेली गाडी दारातच जॅकवर चढलेली दिसली तर पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. कंपनीला कितीही नावं ठेवली तरी हा माणूस हलणार नाही, हे अभिमनला कळलं. तो उठला. त्याला बोलायचं नव्हतं, पण बोलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"शेठ, बोल्ट मुळात वाईट होते. पण मी पाइपवर उभा राहिलो म्हणून ते आणखी बिघडले. चूक माझी आहे. मी आवळलेत, म्हणूनच ताईंना या गाडीत बसवू नका."

बॅन्डवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. शेठ जागचे हलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या आई, सायरबाई, मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव घालवतोय. काढू दे त्याला."

पाऊण तास लागला. काढलेला एकेक बोल्ट अभिमन वर्तमानपत्रावर मांडत गेला. सोळाच्या सोळा धड निघाले. ना तुटलेला, ना चिरलेला. जावयाच्या काकांनी एक उचलून उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, हे तर चांगले आहेत. अभिमननेही एकेक डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. निदान एक तरी तुटका निघायला हवा होता, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

त्याने नवे बोल्ट बसवले. पाना टक् वाजला की हात काढून घेत होता. एवढंच का, जरा उभा तर राहा, असं मागून कोणीतरी म्हणालं. तो उभा राहिला नाही.

पाच वाजता गाडी निघाली. मुलगी रडत होती, जावई जपून चालवत होता, आणि चाकं सरळ फिरत होती. अभिमन गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. त्याला चहाचं कोणी विचारलं नाही. त्याने जुने बोल्ट पिशवीत भरले आणि स्टँडकडे निघाला. सगळ्यांत अवघड काम होऊन गेलं, असं त्याला वाटत होतं.

फाटकाबाहेर पाचोऱ्याची एक जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर चुडामण, वयाने मोठा, मघाशी त्या घोळक्यात होता. जीपमध्ये दाटीवाटीने बाया बसल्या होत्या, मांडीवर पोरं होती. इंजिन चालू होतं, पण चुडामण सीटवर न बसता चाकापाशी उभा होता.

"अभिमनभाऊ," चारही चाकांकडे बोट फिरवत तो म्हणाला, "मन्ही जीपना बठ्ठा बोल्ट तूच आवळेल शेतस."

त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जीपवाल्याने इंजिन बंद केलं. मग त्याच्या मागच्यानेही.

अभिमनने पिशवी खाली ठेवली.

"पहिले बठ्ठासले खाले उतार," जीपमधल्या सगळ्या बायापोरांकडे हात करत तो म्हणाला.