कुणालच्या नावाचं फोल्डर

मी सेटिंगची फाइल बोलतेय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये माझ्या बहिणी ढिगानं पडल्यात, त्यांना कुत्रंही विचारत नाही. मला मात्र चौतीस माणसं ओळखतात आणि त्यातली निम्मी मला बिचकून असतात.

माझा जन्म अंजूरचा. भातशेती जाऊन जी गोदामं उभी राहिली, त्यातल्या एकात कुणाल ड्युटीला होता. सुट्टीच्या दिवशी घरी बसून तो एक प्रोग्राम लिहायचा. खाडीला भरती कधी येणार, पाणी किती चढणार, ते काढून गावातल्या लोकांना फोनवर मेसेज पाठवणारा. उरल्यासुरल्या शेतांना खाडीकडून बांध आहे आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. भरतीआधी हिरामणकाका तिच्या फळ्या बसवतात. ती वेळ चुकली की खारं पाणी भातात शिरतं.

कॉम्प्युटरनं कसं वागायचं ते सगळं कुणालनं माझ्यात लिहिलं. समास किती सोडायचा, भाषा कुठली, गावकऱ्यांच्या फोननंबरांची यादी कुठं ठेवलीय. यादी त्याच्या खासगी फोल्डरमध्ये होती आणि त्या फोल्डरचं नाव होतं कुणाल. शिवाय एक गंमत. कामात बुडाला की हा जेवायचं विसरायचा आणि त्याची आई, जिला घरात सगळे आक्का म्हणतात, ती चुलीपासून ओरडायची. तेच ओरडणं त्यानं माझ्यात घातलं. काम उघडलं की पडद्यावर पहिली ओळ यायची, "आदी जेव रं कुणाल, कॉम्प्युटर काय पलून जात न्हाय!" आक्काला वाचता येत नाही. त्यानं वाचून दाखवलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती.

मग त्यानं प्रोग्राम सगळ्यांना खुला केला. कोणीही घ्यावा, सुधारावा, आपल्या खाडीला लावावा. चांगलंच केलं. पण घर दुसऱ्याला वापरायला देताना आपले कपडे तरी दांडीवरून काढायचे की नाही? या पठ्ठ्यानं माझ्यासकट सगळं जसंच्या तसं देऊन टाकलं!

रेवदंड्याच्या दिनेशनं पहिल्यांदा प्रोग्राम उतरवून घेतला. लगेच त्याचा निरोप आला, "कुणाल नावाचं फोल्डर सापडत नाही म्हणतंय. काय करू?"

"तात्पुरतं त्या नावाचं एक बनव ना भाऊ," कुणालनं लिहिलं. "पुढच्या रविवारी नीट करतो."

हेच त्यानं सूचनांमध्येही टाकलं. रविवार आले आणि गेले, नीट काही झालं नाही. चौतीस माणसांनी आपापल्या कॉम्प्युटरवर कुणाल नावाचं रिकामं फोल्डर बनवलं आणि त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी ड्युटीवर जाताना कंटेनरनं त्याच्या बाईकला उडवलं. जागच्या जागी गेला. मला कुठलं कळायला? दुसऱ्या दिवशी दिनेशनं काम उघडलं आणि मी नेहमीसारखी ओरडले, आदी जेव रं कुणाल. दिनेशला बातमी आदल्या संध्याकाळीच कळली होती. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. मग त्यानं सगळ्यांना लिहिलं, "ती ओळ कोणी काढू नका."

कोणी काढली नाही. नवीन माणूस आला की जुने त्याला सांगायचे, हे फोल्डर बनव, ती ओळ दिसेल, घाबरू नकोस. लोक मेलेल्याच्या नावानं खोली बांधत होते आणि मी प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून त्याला हाका मारत होते. मला लाज वाटायची हो. पण मी फाइल, लिहिलेलं बोलणं एवढंच माझ्या हातात.

कुणालची धाकटी बहीण, नाव पूर्वी, रडत रडत हे काम शिकली आणि तिनं प्रोग्राम चालू ठेवला. ती बसली की आक्का शेजारी येऊन बसायची.

"आली का ती ओल?"

"आली, आक्का."

"माजीच हाक हाय. अजून ऐकत न्हाय त्यो."

असं रोज चालायचं. पूर्वीला ते सोसायचं नाही आणि सोडवायचंही नाही.

अंजूरचे मेसेज ज्याच्यावरून जायचे, तो कुणालचा जुना कॉम्प्युटर यंदा मधेच बंद पडायला लागला. अंबाडीची स्नेहा, प्रोग्रामला हातभार लावणारी नवीन पोरगी, तिनं सगळं नव्या मशीनवर नेलं. सूचनांत लिहिलं होतं तसं कुणाल नावाचं रिकामं फोल्डर बनवलं. बाकीच्यांना पुढे आपापल्या गावाची यादी त्यात भरावी लागायची, हे मात्र सूचनांत नव्हतं आणि ती बिचारी नवखी. अंजूरची यादी जुन्या मशीनवरच राहिली. नव्यावर रिकामं फोल्डर बघून मी म्हटलं, सगळं ठीक. आषाढी अमावस्येच्या उधाणाचा मेसेज एकालाही गेला नाही.

हिरामणकाका मेसेजची वाट बघत राहिले. पाणी चढलेलं दिसलं तसे फळ्या घेऊन धावले. लोंढ्यानं त्यांना फळीसकट दगडांवर आपटलं, हात मोडला. लावणी झालेली बारा घरांची शेतं खारट झाली.

स्नेहा घरी आली. "पूर्वीताई, चूक माझीपण आहे. पण ही फाइल काढायला लागेल. पुढचा नवा माणूस परत हेच करणार."

"फाइल काय म्हणतेस? दादा आहे तो माझा!"

"नारळी पौर्णिमेला परत उधाण आहे, ताई. पंधरा दिवस पण नाही राहिले."

पूर्वी उठून आत गेली. मग आक्का बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हिरामणची बायको काल येऊन गेली," ती म्हणाली. "एक शबूद बोलली न्हाय मला. बोलली असती तं बरा झाला असता." मग आतल्या दाराकडं वळून म्हणाली, "पूर्वी, काढ ती. माज्या समोर काढ."

पूर्वीनं मला उघडलं. मी शेवटची ओरडले. आक्कानं वाचायला सांगितलं नाही, नुसता पडद्यावर हात ठेवला. पूर्वीचं बोट कळीवर अडलं, तेव्हा आक्कानं तिचं बोट आपल्या बोटाखाली घेऊन दाबलं.

"गेला?"

"गेला, आक्का."

माझ्या जागी आता नवी फाइल आहे. तिच्यात कोणाचं नाव नाही. प्रत्येकानं आपलं फोल्डर, आपली यादी आधी भरायची, नाहीतर ती कामच सुरू करत नाही. शहाणी आहे. नारळी पौर्णिमेला हिरामणकाकांना वेळेवर मेसेज गेला आणि त्यांच्या मुलानं फळ्या बसवल्या. मेसेज कुणालच्या नावानं यायचा, तो या वेळी पूर्वीच्या नावानं आला.

मी मेले असं समजू नका. अशा कामात जुनं सगळं जपलेलं असतं, तारखेवार. मी तिथंच आहे, मागच्या तारखांमध्ये, आणि तिथं कुणाल अजून जिवंत आहे. म्हणून हात जोडते, उगाच मागं येऊ नका. आणि आक्का शेजारी बसलेली असताना तर मुळीच नको. कोणी त्या तारखेला येऊन मला उघडलं की मी लगेच त्याला हाक मारणार. मला दुसरं काही येत नाही.