म्हणे, मशीनच बोगस निघालं

मी एक जुना प्रिंटर आहे. जुना म्हणजे वयानं नव्हे हो, वयानं मी अजून कोवळाच आहे. पण ज्याला एकदा माळ्यावर चढवलं, त्याला सगळे जुनाच म्हणतात.

मित्रांनो, साध्या प्रिंटरच्या पोटात चार शाया असतात. माझ्या पोटात आठ! पत्रं नि बिलं छापायला मी जन्मलोच नव्हतो. भिंतीवर लावायचे मोठमोठे फोटो छापावेत ते मीच, असा माझा तोरा होता, आणि तो खोटा नव्हता.

मला दुकानातून निवडलं ते ताईनं. ताई म्हणजे आमच्या घरची लेक. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि सुट्टीला गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायची. दुकानात येताना तिनं स्वतः काढलेला एक फोटो आणला होता. कोळशाच्या ढिगावर बसलेलं काळं मांजर! तोच फोटो तिनं प्रत्येक प्रिंटरवर छापून मागितला. विक्रेता वैतागला.

"अहो ताई, इथं फुलांचे छान नमुने आहेत की!"

"फुलं कुणीही छापतं," ती म्हणाली. "मला काळ्यातलं काळं बघायचंय."

एकानं मांजराला हिरवट करून टाकलं. दुसऱ्याच्या कागदावर मांजर कुठलं नि कोळसा कुठला, काही कळेना. माझ्या कागदावर मात्र मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता. ताईनं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "हाच! इथून पुढे फोटो छापायला बाहेर जाणार नाही." खोक्यात भरताना विक्रेत्यानं बजावलं, "बंद करायचा तो याच्या स्वतःच्या बटणानं. भिंतीवरचं बटण थेट बंद करू नका हं." ताई "हो हो" म्हणाली, पण तिचे डोळे मांजरावरच होते.

मग काय, माझा थाट विचारू नका! येणारा-जाणारा भिंतीवरचे फोटो बघून म्हणायचा, "घरी छापलाय? काहीतरीच!" ताई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "आमच्या या पठ्ठ्यानं."

घरात ताईचे बाबा होते. त्यांचा उभा जन्म लेथ मशीनवर गेला होता. काम संपलं की आधी मेन बंद, मग हात धुवायचे, ही त्यांच्या वर्कशॉपची शिस्त. निवृत्त झाले तरी शिस्त काही निवृत्त झाली नाही. पंखा असो, मिक्सर असो, काम झालं की बाबा भिंतीवरचं बटण बंद करायचे. फोटो बाहेर पडला रे पडला की माझंही तेच.

पण फोटो पडला म्हणजे माझं काम संपत नाही हो! ज्या हेडमधून मी शाई सोडतो ते मला पुसायचं असतं, कोपऱ्यात नेऊन टोपणाखाली ठेवायचं असतं. टोपण न लावलेल्या पेनाचं काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. तसंच माझं हेड हळूहळू वाळत चाललं. बाबा मात्र मला मऊ फडक्यानं पुसून म्हणायचे, "दमलास ना? पड आता." एवढ्या मायेनं बोलणाऱ्यावर रागवायचं तरी कसं? आणि रागावून सांगणार कसा? माझी भाषा म्हणजे दोन दिवे, तेही विझलेले.

अशात वर्कशॉपच्या नव्या हॉलमध्ये बाबांचा मोठा फोटो लावायचं ठरलं. लेथवर वाकलेले बाबा, ताईनंच काढलेला. "हा आपल्याच प्रिंटरवर छापायचा," ती म्हणाली. बाबा चष्मा पुसून माझ्यासमोर उभे राहिले. मी जीव तोडून छापलं, पण कपाळभर पांढरे पट्टे आले आणि गाल गुलाबी झाले. ताईनं पुन्हा पुन्हा हेड साफ केलं. शाई संपत आली, पण पट्टे हटेनात.

"जरा थांबू दे त्याला, तापला असेल," बाबा म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात भिंतीकडे गेला. खट्!

ताईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिला विक्रेत्याचं बोलणं आठवलं, हे मला लख्ख कळलं. तिनं बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं गं?" बाबांनी घाबरून विचारलं. "माझं काही चुकलं का?"

आता सांगेल, मला वाटलं. आता माझी बाजू मांडेल.

"छे हो बाबा, तुमचं काय चुकणार? मशीनच बोगस निघालं."

जिनं मला पारखून घेतलं, तिनंच माझा बळी दिला! मित्रांनो, बाबांनी जन्मात कधी यंत्राला नाव ठेवलं नव्हतं. मशीन चुकत नाही, हात चुकतो, असं ते म्हणायचे. पण लेकीच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. "वाटलं नव्हतं रे तुझ्याकडून," एवढंच म्हणाले आणि फडकं घडी करून निघून गेले.

फोटो बाहेर छापून हॉलमध्ये लागला. मला माळ्यावर ठेवताना ताई हळूच म्हणाली, "काय करू रे? हात थरथरायला लागल्यापासून ते आधीच खचलेत. त्यात हे कसं सांगू?" मला ते कळलं. पण कळलं म्हणून बोचायचं थांबत नाही. खाली बाबा आल्यागेल्याला सांगत असतात, "घरी प्रिंटर घेऊ नका. ऐन वेळी तोंडघशी पाडतो."

तेव्हा मित्रांनो, घरी प्रिंटर आणलात तर तो त्याच्याच बटणानं बंद करा, आणि अधूनमधून एखादा रंगीत फोटो छापत राहा. आपल्या माणसाला जपायला खोटं बोलावंच लागलं, तर बोला. पण ज्या मुक्या जिवाच्या माथी ते मारलंत, त्याला वाऱ्यावर सोडू नका. माझं हेड अजून बदलता येतं. ताईला ते चांगलं ठाऊक आहे. पण मी बरा झालो, तर बाबा विचारतील ना, हा बिघडला होता कशानं?