टीचरला सायकल येत नाही

सुरतेच्या वेसू भागातल्या एका जिममध्ये सकाळचा सायकलिंगचा क्लास चंचल बोरसे घ्यायची. काचेच्या खोलीत जागच्या जागी फिरणाऱ्या सायकली मांडलेल्या, समोर छोट्या चौथऱ्यावर चंचलची सायकल, कानाशी माइक, भिंती हलतील अशी गाणी. "चढ आला! बटण फिरवा, जड करा! खांदे सैल सोडा बेन, खांद्यांनी सायकल चालत नाही! आता उतार, पळू द्या पाय!" गुजराती-हिंदीच्या मिसळीत ती ओरडायची आणि तीस-पस्तीस बायका घामाने निथळत तिच्यामागे जायच्या. जायच्या म्हणजे कुठेच नाही. पण तास संपला की लांब कुठून तरी आल्यासारख्या दिसायच्या.

चंचल त्याच शहरातल्या उधन्याची. तिचे वडील वाल्मिकआप्पा तरुणपणी खानदेशातून, शिंदखेड्याकडून सुरतेला आले आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कारागीर म्हणून लागले, ते अजून तिथेच होते. चंचल आधी जिमच्या काउंटरवर बसायची. दुपारी खोली रिकामी असली की मागच्या सायकलवर बसून पाय मारायची. जुनी ट्रेनर लग्न होऊन बडोद्याला गेली तेव्हा मालक योगराजसरांनी हिलाच उभं केलं, नंतर अहमदाबादला रीतसर कोर्सही करवला. आता बायका तिचीच बॅच मागून घ्यायच्या.

घोटाळा झाला तो केतकीबेनमुळे. केतकीबेन बँकेत अधिकारी, क्लासमध्ये पहिल्या रांगेत बसणार आणि जे मनात येईल ते तडीस नेणार. एका सकाळी टॉवेलने मान पुसत त्या म्हणाल्या, "टीचर, एका रविवारी खऱ्या सायकलवर जाऊ या. डुमस रोडने थेट समुद्रापर्यंत. बधाने आवडे छे ने?"

गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे 'येतं'. सुरतेत जन्मलेल्या चंचलला हे कळत नव्हतं असं थोडंच? पण सगळ्या जणी तिच्याकडे वळून बघत होत्या, आणि त्या क्षणी तिनं मराठीचा आडोसा घेतला. "आवडे ने! खूप आवडे," ती हसून म्हणाली. तसं ते खोटं नव्हतं. सायकल तिला लहानपणापासून आवडायची. चालवता मात्र येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिमच्या दाराशी पोस्टर लागलं. तिचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात: रविवारी चंचलसोबत समुद्रापर्यंत.

क्लास आटोपून ती घरी आली तेव्हा वाल्मिकआप्पा नुकतेच रात्रपाळीवरून येऊन चहा घेत होते. आई, उषाबाई, डबे घासत होती. चंचलने सगळं एका दमात सांगून टाकलं.

आप्पांचा चहा ठसक्याबरोबर सांडला. "तीस-पस्तीस बायास्ले शिकाडस, आनि तुलेच येत नही?"

उषाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. चंचल हसली नाही. तशी आप्पांनी विचारलं, "मंग शिकी का नही कधी?"

"मांगी व्हती सायकल," ती म्हणाली. "आठवीमा."

तेव्हा आप्पा म्हणाले होते, रस्त्यावर टेम्पो केवढे, पोरगी पडली म्हणजे? आणि सायकलला कुलूप लावून चावी खिशात टाकली होती. त्यांना ते आठवलं की नाही कोण जाणे. कप खाली ठेवून ते उठले, खुंटीवरची चावी काढली.

"चाल."

"आप्पा, रातभर उभे होतात. आधी झोपा तरी."

"झोप कोठे पळी जास," म्हणत ते दाराबाहेर पडलेसुद्धा.

घरामागे एक डाईंग मिल बंद पडली होती. तिच्या कुंपणालगतचा रस्ता सकाळी मोकळा असायचा. आप्पांची सायकल उंच, काळी, लोखंडी. चंचल बसली, आप्पांनी मागून कॅरिअर धरलं, आणि पाय मारताच तिला कळलं की तिला काहीच येत नाही. जिमची सायकल हलत नाही, कलत नाही, ती तुम्हाला कधी पाडणार नाही. ही तर एका बाजूला ओढ घेत होती.

"पुढे देख! चाकाकडे देखू नको!" आप्पा मागून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सायकल जरा वेगात गेली आणि समोर एका कारखान्याबाहेर रचलेली चिंध्यांची पोती आली. थांबायचं होतं. जिमच्या सायकलला थांबवायला मधल्या दांडीवरचं लाल बटण दाबतात. चंचलचा हात सवयीने तिथेच गेला. तिथे बटण नव्हतं, नुसता दांडा होता. ब्रेक आठवेपर्यंत पोती फुटून ती चिंध्यांमध्ये गळ्यापर्यंत बुडाली होती आणि सायकल तिच्या अंगावर होती. शेजारच्या पोत्यांवर बसून चहा पिणारे दोन कारागीर हसून हसून लोळले. आप्पा धावत आले, एका पायात चप्पल, दुसरी मागे रस्त्यावर.

"लागनं का?"

"कोपर खरचटलं."

"मंग ऊठ."

शनिवारपर्यंत तिची मजल एवढीच झाली: कोणी धक्का दिला तर सरळ जाता येत होतं. आपली आपण चढून निघणं जमत नव्हतं, आणि वळायची वेळ आली की ती पडायचीच. संध्याकाळी तिने फोन हातात घेतला. ताप आलाय म्हणून योगराजसरांना कळवायचं होतं. आप्पा कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"खोटा ताप कितला दिन टिकी पोरी?"

एवढंच बोलले. चंचलने फोन ठेवून दिला. आप्पांनीही त्या रात्री पाळी बदलून घेतली.

रविवारी उजाडता उजाडता डुमस रोडच्या कडेला सगळ्या जमल्या. रंगीत टोप्या, भाड्याच्या चकचकीत सायकली, पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो, मोबाईल सरसावून उभे असलेले योगराजसर. आणि उधन्याकडून वाल्मिकआप्पा आपली काळी सायकल मारत आले, मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली टीचर.

"टीचर, तुमची सायकल?" केतकीबेनने विचारलं.

चंचल खाली उतरली. रात्रभर घोळवलेली वाक्यं एकही आठवेना. "मला येत नाही," ती म्हणाली. "खरी सायकल मला चालवताच येत नाही. त्या दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली. या आठवड्यात वडील शिकवताहेत, पण अजून वळता येत नाही."

योगराजसरांनी मोबाईल खाली केला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. केतकीबेनचा चेहरा मात्र कडक झाला होता. "रोज आम्हाला चढ-उतार सांगता," त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी चढ बघितलाय तरी?"

"सुरतेत चढ कुठे असतो बेन?" चंचल कसनुशी हसली. "उड्डाणपूल बघितलाय. रिक्षातून."

तेवढ्यात खटकन आवाज झाला. पार्वतीबेनने आपली सायकल स्टँडवर लावली होती. पार्वतीबेन साठीच्या, क्लासमध्ये नेहमी कोपऱ्यातली जागा धरून बसणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. "मनेय नथी आवडतुं," त्या म्हणाल्या. "मी ठरवून आले होते की पाय मुरगळला म्हणायचं आणि टेम्पोत बसायचं."

मग टोपीत तोंड लपवलेली एक नवी सून पुढे आली. मग आणखी एक. मघाशी फिसकन हसलेली हीच.

योगराजसरांनी कपाळाला हात लावला. शेवटी केतकीबेननेच निकाल दिला. ज्यांना येतं त्यांनी आपल्याबरोबर समुद्रावर यायचं. बाकीच्यांनी काय करायचं ते करावं. टोप्यांची रांग निघून गेली, मागोमाग टेम्पोतून योगराजसरही. मागे राहिल्या चार बायका आणि वाल्मिकआप्पा.

आप्पांनी पार्वतीबेनकडे पाहिलं, मग मुलीकडे. "बेनले कशी शिकाडू? माले लाज वाटस."

"तुम्ही फक्त कॅरिअर धरा," चंचल म्हणाली. "बाकी मी बघते."

आणि इथे तिचा जीव थाऱ्यावर आला. तोल कसा सांभाळायचा हे तिला जेमतेम येत होतं, पण भ्यालेलं अंग ती रोज पाहत आली होती. पार्वतीबेनच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या, खांदे कानांना टेकले होते, श्वास अडकला होता. चंचल बाजूने पळू लागली. "श्वास सोडा बेन! मोठ्याने सोडा! बोटं सैल! उजवा, डावा, उजवा, डावा, थांबू नका!" आप्पा मागे, ती शेजारी. एकदा पडल्या, दोनदा पडल्या. तिसऱ्या खेपेला आप्पांनी हात कधी काढला ते चंचललाही कळलं नाही. पार्वतीबेन एकट्याच चालल्या होत्या आणि "अरे! अरे! अरे!" असं लहान मुलीसारखं ओरडत होत्या.

तेवढ्यात समुद्रावर गेलेल्या परत आल्या. केतकीबेनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पार्वतीबेनला रस्ता करून दिला. मग त्या चंचलजवळ आल्या. चाकांना वाळू चिकटली होती.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"हो बेन."

केतकीबेनने आपली सायकल तिच्याकडे ढकलली. "बसा. वळायला मी शिकवते."

सोमवारी योगराजसरांनी तिला खोलीत बोलावून चांगलंच सुनावलं, आणि ते बरोबरच होतं. क्लासमधल्या दोघींनी बॅचही बदलली. पण सकाळचा क्लास चंचलकडेच राहिला, आणि शिकणाऱ्यांचा रविवार आपोआप सुरू झाला. कॅरिअर धरायला आप्पा यायचे. बायका त्यांना 'वाल्मिकभाई सर' म्हणायला लागल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. पार्वतीबेन गतिरोधक आला की अजूनही उतरतात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आप्पांची दिवसपाळी होती, सुट्टी नव्हती. चंचल केतकीबेनबरोबर डुमसला पोचली. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं, काळी वाळू ओली. तिने सायकल उभी केली आणि कारखान्यात फोन लावला. लूमच्या खडखडाटात आप्पांचा आवाज आला, "कोठे शे तू?"

"समुद्रावर!" ती ओरडली. "सायकलवर!"

पलीकडे नुसता माग चालल्याचा आवाज येत राहिला. बहुतेक ते शेजारच्या कोणाला तरी सांगत असावेत. मग ते परत फोनवर आले.

"आते सावकाश घर ये," ते म्हणाले. "ऊन चढाना आधी."